एकच माळ, आणि तीही वाढवायची नाही

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहाटे साडेतीनला उठून अकरा माळा, मग सगळा हरिपाठ, मग मोबाइल लावून अर्धा तास ध्यान, रात्री परत पाच माळा. जेमतेम तीन आठवडे चाललं आणि बंद पडलं. आता देवघरासमोरून जाताना मान खाली जाते, आनंद कधी आलाच नाही, आणि परीक्षेचा नाद सोडून गावी आल्यापासून जगायचं कशासाठी तेही उमगत नाही. एका पत्रात तीन दुखणी बांधून पाठवलीस. बंद पडलं याचं मला नवल नाही. तीन आठवडे टिकलं कसं, याचं आहे.

एक माळ धर. रोज. आणि वाढवू नको. पुढची आषाढी येईपर्यंत दुसऱ्या माळेचं नाव काढायचं नाही. श्रावण आहे म्हणून दोन करतो, अधिक महिना आहे म्हणून पाच करतो, असलं काही मला सांगू नको. नेम कंटाळ्याने मोडतो त्याहून जास्त हौसेने मोडतो. मन भरून आलं की माणूस आकडा वाढवतो, आणि मन रितं असलेल्या दिवशी तोच आकडा छातीवर बसतो. मग मूळची एकही होत नाही. या हट्टापायी भजनी मंडळात मला ‘एकमाळ्या’ म्हणतात. म्हणोत बापडे. अकरा माळावाले दिवाळीनंतर कुठे दिसतात ते विचार त्यांना.

ती एक माळ नीट कशी करायची ते वाच. तुळशीची, १०८ मण्यांची, टोकाला मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जुळते तिथला मोठा मणी. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माळ टाकायची, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी बाजूला. मेरू ओलांडायचा नाही. पुढे जायचं असेल तर तिथून माळ उलटी फिरवतात, पण तुला पुढे जायचंच नाही. जपाची माळ गळ्यात घालून शेतात जाऊ नको; घामाने दोरा कुजतो आणि मणी कपाशीत शोधत बसावे लागतात. गळ्यातली वेगळी, जपाची वेगळी.

श्वास सोडताना एकदा ‘राम कृष्ण हरी’. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, म्हणजे माळेला सात ते नऊ मिनिटं लागली पाहिजेत. चार मिनिटांत उरकली तर मधला ‘कृष्ण’ गिळला जातोय. पंधरा लागली तर मधे कुठेतरी झोपलास. भिंतीला टेकून बसू नको, डुलकी तिथेच लागते. घोंगडी अंथर, बुडाखाली गोधडीची जाड घडी घे. गुडघे आपोआप खाली टेकतात आणि पाय लवकर मुंगावत नाहीत.

आणि मोठ्याने म्हण. तू थेट मनातल्या मनात जप करायला बसलास, तिथेच गाडी घसरली. आधी वैखरी, म्हणजे स्वतःच्या कानाला ऐकू येईल असा आवाज. मग उपांशू, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही. मानस जप त्याच्याही नंतरचा. नवख्या माणसाचा मानस जप दहाव्या मण्याला थांबतो आणि बोटं नुसतीच चालत राहतात. तुला वर्षभर वैखरी पुरे. घरच्यांची लाज वाटते म्हणतोस. तुझी आजी तुळशीला पाणी घालताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणते, तिला कोणी हसतं का?

वेळेचं म्हणशील तर घड्याळाला बांधू नको. गावी शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तू दोन वाजता मोटर चालू करायला जाणार आणि पहाटेचा नेम दुसऱ्याच दिवशी मोडणार. म्हणून नेम आंघोळीला बांध. आंघोळ झाली, अंग पुसलं, चहाच्या आधी माळ. आंघोळ दहाला झाली तर माळ दहाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आलेल्या असतात, श्रावणात कानबाई देवीच्या रविवारी सगळी भाऊबंदकी घरात असते आणि रोटांच्या नैवेद्याच्या गडबडीत पाय ठेवायला जागा नसते. अशा दिवशी गच्चीवर जा, गोठ्यात जा. नऊ मिनिटांचा प्रश्न आहे. नऊ मिनिटं कुठेही सापडतात, दोन तास सापडत नाहीत; म्हणूनच घसा कोरडा करून सांगतोय की वाढवू नको.

तरी एखादा दिवस चुकणार. चुकला तो गेला. दुसऱ्या दिवशी दोन करून भरपाई करायची नाही. भरपाई फार वाईट खोड आहे. आज दोन, उद्या परत चुकली की तीन, आणि चौथ्या दिवशी माणूस देवाचा कर्जदार होऊन तोंड चुकवत फिरतो. तुझी मान खाली जाते ती यामुळेच. तसंच मन भटकलं म्हणून पहिल्या मण्यापासून सुरू करू नको. ज्या मण्यावर ध्यानात आलं, तिथूनच पुढचं नाम.

आनंदाचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बसलं की उलट जास्त त्रास होतो. निकालाचा दिवस आठवतो, चुलतभावाची नोकरी आठवते, वडिलांनी एक शब्द न बोलता ताट सरकवलेलं आठवतं. हे सगळं आधीपासून आत होतंच, गलबल्यात ऐकू येत नव्हतं. आनंद आला का म्हणून रोज चाचपून पाहू नको. आधी फार साध्या गोष्टी बदलतात. कोणी टोचून बोललं तर उत्तर ओठावर यायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात पुष्कळदा उत्तराची गरजच संपते.

माळ झाली की दोन मिनिटं देवाशी बोल. अहिराणीत बोल, पुस्तकी प्रार्थना नको. ‘देवा, आज मन ठिकाणावर नई शे’ एवढं म्हटलं तरी चाललं. मागणं मागायलाही माझी ना नाही, पण आधी घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी माग, मग स्वतःसाठी. काय बोलावं सुचत नसेल तर आपल्याच मुलखातले चांगदेव आठव, तापी-पूर्णेच्या संगमावरचे. ज्ञानेश्वर वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की अधिकाराने मोठे म्हणून तीर्थरूप, या पेचात त्यांनी कोरा कागद पाठवला. चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला म्हणून मुक्ताई हसली, असं सांगतात. पण त्याच कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं. तेव्हा कोरा बस. पण बस.

जगायचं कशासाठी, हे डोळे मिटून सापडेल अशी तुझी समजूत दिसते. तिथे ते सापडत नाही. माळ एकट्याने, बाकीचं चारचौघांत. एकादशीला मंडळात ये. हरिपाठाचे २७ अभंग टाळ-मृदंगावर म्हणायला पाऊण तास सहज लागतो, तुला पाठ नसले तरी ध्रुवपद धरता येतं. आमच्या पिढीने तुम्हा पोरांना सतरंज्या उचलायला बोलावलं आणि हातात टाळ दिला नाही, ही बोच मला आहे. म्हणून आता सप्ताहात वीणा तुमच्याकडे द्यायचा आग्रह मी धरतो. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. नवा माणूस आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्या गळ्यात पट्टा जातो, त्याची बोटं तारेवर पडतात, मगच आधीचा हात काढतो. रात्री दोन ते चार मंडपात कोणी नसतं. कौतुक करायला माणूस नाही, फोटो काढायला नाही, पण तू झोपलास तर आधीच्या सगळ्यांचा नेम मोडतो. आपण कोणाच्या तरी कामी येतो हे मला व्याख्यान देऊन सांगता येत नाही, ते तिथे उभं राहून कळतं. मग काल्याच्या दिवशी पंगतीत वरण-बट्टी वाढ, पाण्याचे जग घेऊन फिर, म्हाताऱ्यांच्या बट्ट्या कुस्करून दे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आपल्या अमळनेरलाच शिकवत होते, छात्रालयातल्या पोरांची अंथरुणं आवरत होते. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून तेच उपोषणाला बसले. भक्ती देवघरात मावली नाही की ती अशी कामाला लागते. पण अंथरुणं आधी, उपोषण नंतर. तू पहिल्याच महिन्यात उपोषणाला बसू पाहतोस.

आणखी एक, हे हलक्यावर घेऊ नको. रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही, नको ते विचार येतात, असं दोन आठवडे चालू राहिलं तर धुळ्याला किंवा जळगावला मनाच्या डॉक्टरकडे जा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन कर. गोळी घेऊनही माळ होते.

श्रावणातल्या सप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी करतोय. तिसऱ्या रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला तुझं नाव लिहिलं आहे. नको असेल तर एकादशीच्या आत कळव, म्हणजे दुसरा माणूस बघता येईल. येताना स्वेटर आण, पहाटे मंडपात गार वारा सुटतो. आणि सप्ताह आहे म्हणून त्या आठवड्यात माळा वाढवल्यास तर मला कळेलच.