पदवी इथली, शेवटचा हंगाम तिथला

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे असताना आम्ही तिथल्या विद्यापीठाचे बास्केटबॉलचे काही सामने पाहिले. शेजारच्या एका जुन्या प्रेक्षकाची तक्रार होती की, आमची मुले येथे पदवी घेतात आणि शेवटच्या वर्षी मोठ्या विद्यापीठाकडून खेळतात. पदवी मिळालेला विद्यार्थी पुन्हा महाविद्यालयीन संघात कसा येतो आणि त्याला कोणी अडवत का नाही? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा दीर्घकाळचा नियम असा की, खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येतात. दुखापतीमुळे किंवा प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून जो एक हंगाम बाहेर बसतो (त्याला तिकडे ‘रेडशर्ट’ म्हणतात), त्याची पदवी चार वर्षांत पूर्ण झाली तरी एक हंगाम शिल्लक राहतो. पूर्वी पदवी न घेता विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला सहसा वर्षभर खेळाविना राहावे लागे. पदवीधराने मात्र दुसरीकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर त्याला लगेच मैदानात उतरता येई. वेळेवर पदवी घेणाऱ्याला मिळालेले हे एक प्रकारचे बक्षीसच होते.

त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी आपल्याला क्लीव्हलँड सोडून जाण्याची गरज नाही. 2015 मध्ये तिथल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या संघाचे दोन आधारस्तंभ, ट्रे लुईस आणि अँटन ग्रेडी, पदवी घेऊन अनुक्रमे लुईव्हिल आणि विचिटा स्टेट या विद्यापीठांत गेले. आदल्या हंगामात 19 सामने जिंकून 15 हरलेल्या या संघाच्या वाट्याला पुढच्या हंगामात 9 विजय आणि 23 पराभव आले. त्या काळी एका संघाला 13 शिष्यवृत्त्या असत आणि प्रत्यक्ष मैदानात पाचच जण उतरतात. त्यामुळे तीन-चार वर्षे घडवलेले दोघे एकाच उन्हाळ्यात गेले, तर लहान विद्यापीठाला त्यांची जागा भरायला तेवढ्या तोडीचे कोणी मिळत नाही. विद्यार्थ्याला वेळेवर पदवीपर्यंत नेण्याचे काम संघाने चोख केले की तो जायला मोकळा होतो, हा यातला विरोधाभास मला सर्वाधिक बोचतो.

तरीही खेळाडूला दोष देणे मला पटत नाही. लुईस स्वतः पेन स्टेटमधून क्लीव्हलँडला आला होता आणि तेव्हा तो नियमाप्रमाणे वर्षभर बाहेर बसलाही होता. राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याच्या आशेने तो लुईव्हिलला गेला, तर फेब्रुवारी 2016 मध्ये त्या विद्यापीठाने आपल्या जुन्या गैरप्रकारांपायी हंगामोत्तर स्पर्धांतून स्वतःच माघार घेतली. ड्रेक्सेलहून त्याच वर्षी तेथे आलेल्या डेमियन ली याचीही तीच गत झाली. ली पुढे एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये पोहोचला, ही गोष्ट वेगळी.

आता अडवण्याविषयी. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठाने खेळाडूशी बोलण्यासाठी मूळ विद्यापीठाची परवानगी लागे. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नावांची ऑनलाइन नोंद) सुरू झाले आणि ती अट गेली. 2021 मध्ये पदवी न घेतलेल्यांनाही एकदा विनाप्रतीक्षा बदलीची मुभा मिळाली, तर 2024 मध्ये अभ्यासात पुरेशी प्रगती असेल तर कितीही वेळा. म्हणजे पदवीधरांपुरती असलेली सवलत आता सर्वांची झाली आहे आणि आपल्या शेजाऱ्यांना वाटते तसा तो केवळ शेवटच्या वर्षाचा प्रश्न उरलेला नाही. खेळाडूंना पुन्हा बांधून ठेवावे, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण प्रशिक्षकांना असे कोणी कधी बांधले नव्हते. डेनिस गेट्स यांनी 2021 मध्ये क्लीव्हलँड स्टेटला राष्ट्रीय स्पर्धेत नेले आणि वर्षभरात ते मिझुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या पाठोपाठ डमॉय हॉज आणि ट्रे गोमिलियन हे क्लीव्हलँडचे दोन खेळाडूही मिझुरीला गेले.