बायोडेटातला रिकामा रकाना

पत्र यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनियर. २०२१ मध्ये दीड एकर विकून त्याला कॅनडाला पाठवलं. दोन वर्षांचा डिप्लोमा झाला, आता तो ब्रॅम्पटनला एका गोदामात काम करतो. वर्क परमिटचं जेमतेम एक वर्ष उरलंय आणि त्याला रिअल इस्टेट एजंट व्हायचंय. वडील लिहितात, ‘दलालीच करायची होती तर पंचवीस लाख का घातले? तुम्ही त्याला समजवा, आयटीचा कोर्स करायला सांगा.’

भाऊ, नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात मुलाचं म्हणणं शोधलं, तर अर्धी ओळ सापडली: ‘त्याला म्हणे हेच आवडतं.’ बाकी सगळं शेत, भाऊबंद आणि स्थळं. सोबतचा बायोडेटाही पाहिला. वर ठळक अक्षरात ‘इंजिनियर, कॅनडा’ आणि व्यवसायाचा रकाना कोरा. मुलगा रात्रपाळीत खोकी उचलतो हे तुम्हाला माहीत आहे, पण ते लिहायला हात धजला नाही. गोदामातली हमाली तुम्ही दोन वर्षं चालवून घेतली, कारण ती गावाला दिसत नाही. घरं विकणं दिसेल, म्हणून ते नको. हे मला फार लागलं.

‘पंचवीस लाख’ हा आकडा पत्रात पाच वेळा आलाय. फोनवर त्या पोराच्या कानावर तो किती वेळा पडत असेल? तुमचे कष्ट खरे आहेत, जमीन विकताना काय होतं ते मी आमच्या घरीही पाहिलंय. पण फोन आला की छातीत धस्स होत असेल, तर मुलगा तुम्हाला खरं काही सांगणारच नाही. पुढचे काही फोन तो आकडा काढू नका, एवढी विनंती आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. फैजपूरचा प्लॉट घेताना इसार द्यायच्या दिवशी ‘त्याने मोडता घातला’. का घातला? सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा होता. एजंट बोलला नव्हता, तुम्ही पाहिला नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोराने तो रकाना वाचला आणि तुमचे पैसे वाचले. असा माणूस या धंद्यात हवाच. आपल्याकडेही महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, एजंटांना प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलंय. ‘दलाली’ म्हणून नाक मुरडू नका.

आता मुलासाठी. हे त्याला वाचून दाखवा, कारण इथे तो चुकतोय. त्याच्या ओंटारिओ प्रांतात लायसन्ससाठी नेमून दिलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत, त्या तो देईल. पण लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. एखाद्या ब्रोकरेजखाली, म्हणजे घरविक्रीच्या परवानाधारक कंपनीखाली, नाव लावावं लागतं, आणि बहुतेक एजंट पगारावर नसतात, कमिशनवर स्वतंत्र धंदा करतात. त्या कमिशनमधूनही ब्रोकरेजचा हिस्सा, विमा, गाडी, जाहिरात जाते. पहिले कित्येक महिने हात कोरडे राहू शकतात. बँक ऑफ कॅनडाने मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये व्याजदर ०.२५ वरून ५ टक्क्यांवर नेला, तेव्हा तेजीत लायसन्स काढलेले कितीतरी जण गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले. पण याहून मोठा घोळ पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा आहे. ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास’ या पीआरच्या वाटेने जायचं तर तिथल्या कुशल कामाचं एक वर्ष, म्हणजे १,५६० तास लागतात, आणि स्वतःच्या धंद्यातले तास त्यात धरत नाहीत. गोदामातली खोकी उचलण्याची हमालीही कुशल कामात बसत नाही. म्हणजे आज तो पूर्णवेळ एजंट झाला, तर वर्ष संपेल आणि हाती मोजता येईल असा एक तासही नसेल.

त्यामुळे लायसन्स पुढे, पगारी नोकरी आधी. इमारतींची भाडी, दुरुस्त्या, भाडेकरू सांभाळणाऱ्या कंपन्यांत प्रॉपर्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची कामं असतात. ती कुशल वर्गात मोडतात आणि मेकॅनिकलवाल्याला बॉयलर, लिफ्टची भाषा कळते. क्षेत्र तेच राहील. लायसन्सचा अभ्यास रात्री करता येईल. वर्ष भरलं की पीआर मिळतंच असं नाही, गुणांची स्पर्धा आहे. म्हणून त्याने या आठवड्यातच तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला कागद दाखवावेत. आयटीच्या कोर्सचं काय? ज्याला ते नकोय, त्याच्यावर आणखी पैसे घालू नका.

रविवारी फोन लावा. परमिटची नेमकी तारीख विचारा, शिल्लक किती महिने पुरेल ते विचारा, आणि मग त्याला बोलू द्या. मधे बोलू नका. बायोडेटा तोवर कपाटात ठेवा. तो रकाना त्यालाच भरू द्या.