बुडीत खाती टाकलेले अकरा लेख

"मॅडम, कॅलेंडर करते, तीन आठवडे पाळते, मग सगळं ढेपाळतं. माझ्यात शिस्तच नाही."

हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की शेवट मी मनातल्या मनात पुरा करते. नोकरी सांभाळून ब्लॉग लिहिणारी ही माणसं. कोणता लेख कधी टाकायचा याचा सुंदर तक्ता आखतात, तो मोडतो, आणि मग तक्त्यापेक्षा स्वतःलाच मोडीत काढतात. अशाच एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत आणि सहा-सात बैठकींचं सार काढलंय.

त्या एका कंपनीत हिशोब बघतात आणि घरातल्या झाडांवर लिहितात. पहिल्याच भेटीत त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. रकाने नेटके, रंग ठरलेले: हिरवा झाडांच्या ओळखीसाठी, पिवळा कीड-रोगांसाठी, निळा वाचकांच्या प्रश्नांसाठी. माझी नजर मात्र खाली गेली. तिथे ओळीने टॅब होते: 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरं', 'जानेवारीपासून', 'आता नक्की', 'सोपं'. चौदा महिन्यांत सात कॅलेंडरं! प्रत्येकात आठवड्याला दोन लेख, आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गप्प झालेलं.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना माझ्या पद्धतीचा एक तक्ता करून दिला. सुटसुटीत होता, मला आवडलाही होता. महिन्याभराने त्या आल्या तेव्हा आठवा टॅब होता, नाव 'मॅडमचं'. त्याचाही तिसऱ्या आठवड्यात बोजवारा उडाला होता. गेल्यावर मी एकटीच हसले. आखणी बदलून प्रश्न सुटणार असता तर सातव्या वेळेपर्यंत त्यांनीच सोडवला असता, हे मला आधी कळायला हवं होतं.

पुढच्या भेटीत मी कॅलेंडरचा विषयच काढला नाही.

"ऑफिसात पुढच्या वर्षाचं बजेट कसं करता?"

"मागच्या वर्षीचे आकडे घेऊन. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते बघून."

"ते न बघता, मनाला येईल तसे आकडे टाकले तर?"

"छे! साहेब कागद तोंडावर फेकतील."

"मग चौदा महिन्यांत तुमचे प्रत्यक्षात किती लेख झाले?"

त्यांना माहीत नव्हतं. तिथेच मोजले, तर एकोणीस. ठरवले होते एकशेवीसच्या आसपास. त्यांचा चेहरा पडला, पण मला एकोणीस हा आकडा फार मोलाचा वाटला. सात तक्त्यांमध्ये मिळून तेवढीच एक खरी नोंद होती.

घरी करायला एकच काम दिलं: शेवटच्या पाच लेखांचा उलटा हिशोब मांडायचा. विषय सुचला कधी, माहिती जमवली कधी, कच्चं लिहिलं कधी, दुरुस्त केलं कधी, फोटो काढले कधी, लेख टाकला कधी. त्या धरून चालल्या होत्या की एक लेख म्हणजे एक संध्याकाळ. निघाले सरासरी बारा दिवस आणि साडेसहा तास. आठवड्यात त्यांच्या हाताशी जेमतेम तीन तास असायचे. म्हणजे दोन लेखांचं वचन देऊन त्या दर आठवड्याला दहा तासांच्या तोट्यात जात होत्या, आणि हिशोबनीस असूनही तो तोटा 'शिस्त नाही' या नावाखाली टाकत होत्या.

यात त्या काही जगावेगळ्या नाहीत. आपण कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, आणि मागच्या खेपेचा अनुभव हाताशी असूनही कमी धरतो, ही गोष्ट डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडली. पुढे १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला! हे आकडे ऐकल्यावर बाई पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

पण एवढ्याने गाडं हललं नाही. खरी गाठ पुढे होती.

तक्त्यात 'स्थिती' नावाचा रकाना होता आणि त्यात दोनच शब्द चालत: 'झालं' आणि 'राहिलं'. अकरा विषय असे होते की ते एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलले जात होते. 'कुंडीत मुळं गुंडाळली गेली तर' हा लेख तर सहा वेळा पुढे गेला होता. मी म्हटलं, यात तिसरा शब्द घाला, 'सोडलं'. त्यांनी त्या ओळीवर कर्सर नेला, 'सो' टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं.

"नाही होत मॅडम. सोडलं म्हणजे मी हरले."

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग विचारलं, "एखाद्या गिऱ्हाइकाकडून पैसे आता येणारच नाहीत हे कळलं, की तुम्ही ऑफिसात काय करता?"

"बुडीत खाती टाकतो."

"तेव्हा हरल्यासारखं वाटतं?"

"त्यात हरायचं काय? टाकलं नाही तर ताळेबंद खोटा होतो ना."

बोलून झाल्यावर त्या स्वतःच्याच वाक्यापाशी थबकल्या. खोलीत बराच वेळ शांतता होती. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याची फार खाज सुटते. मी ती आवरली, आणि त्याचा मला आजही आनंद आहे. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, 'स्थिती'च्या रकान्यात 'बुडीत' असं लिहिलं आणि खालच्या दहा ओळींमध्ये तोच शब्द ओढत नेला. डोळ्यांत पाणी होतं. "वर्षभर हे अकरा जण माझ्याकडे बघत होते," एवढंच म्हणाल्या.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. १९५५ पासून ते हेच सांगत राहिले की माणसाला घटनेपेक्षा घटनेमागचा त्याचा हट्ट जास्त छळतो. मराठीत हा हट्ट ओळखणं तसं सोपं, कारण तो एका अक्षरात मावतो. 'मंगळवारी लेख यावा' ही इच्छा झाली. 'मंगळवारी लेख आलाच पाहिजे' म्हटलं की तो 'च' मानगुटीवर बसतो. एक मंगळवार हुकतो आणि माणूस लेख लिहायचं सोडून नवं कॅलेंडर आखायला बसतो, कारण कोऱ्या तक्त्यात अजून एकही चूक नसते. सात टॅबांचं कोडं मला तेव्हा उलगडलं. ते आळसापोटी झालेले नव्हते, दर वेळी निर्दोष व्हायची एक संधी म्हणून उघडलेले होते.

त्यानंतरचं काम सोपं होतं. ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ज्यांना बैठकीला यायचं नाही त्यांना तेवढंच हवं असतं.

आधी क्षमता काढा, मग वारंवारता ठरवा. आम्ही दोन महिन्यांत तीन लेख ठरवले. त्याला साडेएकोणीस तास लागतात, हाताशी असतात पंचवीस-सव्वीस. उरलेला पाव भाग मुद्दाम रिकामा, कारण आजारपण आणि ऑफिसची वर्षअखेर तक्त्याला विचारून येत नाहीत. "एवढेच?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण चौदा महिन्यांत एकोणीस म्हणजे वेग जवळपास हाच होता, वर अपराधीपणाचा बोजा होता.

तारीख फक्त लेख टाकण्याची लिहू नका. 'पुढची पायरी कोणती आणि ती कोणत्या दिवशी' हे लिहा. 'मंगळवार: लेख' या नोंदीने सोमवारी रात्री नुसती धडकी भरते. 'शनिवार सकाळ: तीन फोटो' ही नोंद बघून माणूस उठून फोटो काढतो.

पक्क्या तारखा सहा आठवड्यांपुरत्याच ठेवा. पुढचे विषय नुसत्या यादीत, तारखेशिवाय. ज्या लेखाचं नातं ऋतूशी किंवा ठरावीक दिवसाशी आहे तेवढाच आधी कॅलेंडरवर चढवा आणि तिथून मागे मोजत या. कधीही चालतील असे दोन लेख मात्र तयार करून बाजूला ठेवा, अडीनडीला ते फार कामी येतात. जुना लेख दुरुस्त करून ताजा केला तर तोही कामात धरा. लोक हे विसरतात आणि मग महिना वाया गेला म्हणतात.

आणि एखादा लेख हुकला तर मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवू नका. सगळं तुंबणं तिथून सुरू होतं. हुकलेला यादीत परत जाईल नाहीतर बुडीत खाती, बाकीचे जागच्या जागी राहतील. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं तक्ता बघायचा. रोज उघडून बघत बसणं हा लिहिणं टाळायचा एक सभ्य मार्ग आहे, असं माझं मत झालंय.

पाच महिन्यांनी त्या शेवटच्या भेटीला आल्या. सात लेख झाले होते, एक हुकला होता. हुकलेल्याची गोष्ट त्यांनी ऑफिसातली बातमी सांगावी तशी सांगून टाकली. मुळांवरचा तो लेख बुडीत खात्यातून स्वतःच उठून आला होता. एका वाचकाने नेमका तोच प्रश्न विचारला आणि बाईंनी दोन बैठकीत लिहून टाकला. "बुडीत रक्कम कधीकधी वसूल होते," त्या म्हणाल्या.

जाता जाता त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नवी फाइल होती. रंग एकच, रकाने चार. खाली एकच टॅब होता आणि त्याला नाव द्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. तिथे अजून 'शीट १' असंच होतं.