शब्द पाठ होतात, पण राहत नाहीत

"म्याडम, लेकरू रातभर वही घेऊन बसतंय अन् सकाळी इचारलं की कोरं. डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं का वो?"

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचा हा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, वर्गात पहिली. अकरावी सायन्सला लातूरला आली आणि सगळंच इंग्रजीतून सुरू झालं. क्लासमध्ये हात वर करणं तिनं बंदच केलं होतं.

मी वही मागितली. डिक्शनरीतून 'ए'पासून उतरवलेले शब्द, रोज पन्नास: अबँडन, अबेट, अबॉलिश, अब्रप्ट. समोर उच्चार, पुढं अर्थ. ओळीनं विचारलं तर धडाधड उत्तरं. मग मधलाच 'अबेट' विचारला. ती ओठातल्या ओठात पानाच्या वरपासून पुटपुटत खाली यायला लागली. सातापाचा किती हे सांगायला सात एके सातपासून सुरुवात करावी तसं. स्मरणशक्ती ठणठणीत होती. पाठ झालं होतं ते पान. त्यात एकसारख्या सुरुवातीचे शब्द शेजारी शेजारी घोकले की ते एकमेकांत गुंततातच. डिक्शनरी पाठ करणारी बहुतेक मुलं 'बी'पर्यंत पोचत नाहीत, हे मी बरीच वर्षं बघतेय.

विसरण्याचं म्हणाल तर हर्मन एबिंगहॉस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, पुढं वेग मंदावतो. सकाळी कोरं वाटणं हा आजार नव्हे, हे मी वडिलांना दोनदा सांगितलं.

डिक्शनरी बंद केली. शब्द घ्यायचे ते उद्या शिकवणार त्या बायोलॉजीच्या धड्यातले, दहाच्या वर नाहीत. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या: एका बाजूला शब्द आणि धड्यातलं त्याचं वाक्य, मागं मराठी अर्थ. उलटण्याआधी अर्थ आठवायचा, चुकला तरी चालेल, पण आठवायची खटपट करायचीच. नुसतं वाचत राहिलं की येतंय असं वाटतं, आणि फसगत होते ती तिथंच. आलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. चुकलेली पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात.

पहिले काही दिवस ती नाराज होती. पन्नासावरून दहावर येणं तिला मागं पडल्यासारखं वाटत होतं. महिन्याभरानं धडा वाचताना अडखळणं कमी झालं. उच्चारांची भीती मात्र अजून आहे, त्यावर वेगळं काम चाललंय.

वडिलांनी जाताना विचारलं, "नीट मराठीतून देता येती म्हणं?" येते. नीट म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा; तिचा फॉर्म भरताना मराठी निवडली की प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत मिळतात, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. आणि वैद्यकीयची पुस्तकं बहुतांशी इंग्रजीतच. तिनं अजून ठरवलेलं नाही. फॉर्म यायला वेळ आहे, मीही घाई केली नाही.