कॅम्पर व्हॅनची सहल: ठेव मोडावी, कर्ज काढावं की निवृत्तीपर्यंत थांबावं?

प्रश्न: मी ५४ वर्षांची, पती ५८. ते दोन वर्षांनी निवृत्त होतील. येत्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन केपटाऊनपासून ॲडो एलिफंट नॅशनल पार्कपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा विचार आहे. १८ रात्री, एकूण खर्च साडेसहा लाख. गृहकर्ज नाही. म्युच्युअल फंडात ३० लाख आहेत, त्यांना हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये ८ लाखांची ठेव पूर्ण होते. पण सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्यांचा आरोग्य विमा नाही, म्हणून ती वापरायला मन धजत नाही. महिन्याला ३५ हजार शिल्लक पडतात. १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी पर्सनल लोन मिळतंय. काय करावं?

उत्तर: जा, आणि निवृत्तीच्या आधीच जा. मात्र मेऐवजी सप्टेंबरमध्ये जा आणि कर्ज काढू नका.

आधी कर्जाचं बोलू. साडेसहा लाखांवर १२ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २१,६०० रुपयांचा हप्ता बसेल आणि तीन वर्षांत व्याजच १ लाख २७ हजारांच्या घरात जाईल. त्यापेक्षा मला खटकतं ते असं की पगार दोन वर्षांनी थांबेल आणि हप्ते पुढे वर्षभर चालू राहतील. ठेव शाबूत राहिल्याचं समाधान मिळेल, पण तिच्यावर ७ टक्के धरले तरी कर जाऊन हातात त्याहून कमी येणार, आणि दुसरीकडे तुम्ही १२ टक्के भरत असणार.

तुमची खरी अडचण सहल नाही, सासूबाईंचं आजारपण आहे. त्यावर एक उपाय तुमच्या पत्रात दिसला नाही. २०२४ च्या अखेरीपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठी आधारवरून आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं. ते या आठवड्यात काढा. उपचार योजनेत असलेल्या रुग्णालयातच होतात, म्हणून घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे तेही आत्ताच बघून ठेवा. कार्ड हातात आलं की ८ लाखांपैकी ४ लाख सासूबाईंसाठी बाजूला ठेवायचे आणि ४ लाख सहलीला मोकळे करायचे. आतापासून ऑगस्टअखेरपर्यंतच्या सात महिन्यांत ३५ हजारांप्रमाणे २ लाख ४५ हजार जमतील. साडेसहा लाखांना पाच हजारच कमी पडतात. ठेव एप्रिलमध्ये पूर्ण होतेच आहे, त्यामुळे मुदतीआधी मोडल्याचा दंडही नाही.

सप्टेंबर सुचवण्यामागे केवळ पैसा नाही. सदर्न राइट जातीचे व्हेल साधारण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिथल्या किनाऱ्याजवळ येतात आणि हर्मानस या किनाऱ्यावरच्या गावी ते जमिनीवर उभं राहून दिसतात. मेमध्ये गेलात तर बहुधा ते हुकतील. शिवाय सप्टेंबरपर्यंत केपटाऊनकडचा हिवाळी पाऊस ओसरायला लागतो.

आता व्हॅन. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या हिशेबातल्याच आकड्यांनी मांडतो. १८ रात्रींचं भाडं रोज २,३०० रँडने (रँड हे तिथलं चलन) ४१,४००, कॅम्पसाइटचे ५०० रँडने ९,००० आणि डिझेल ६,००० : एकूण ५६,४०० रँड. तुम्ही रँड साडेपाच रुपयांना धरलाय, म्हणजे ३ लाख १० हजार. व्हॅनऐवजी लहान गाडी (१०,८००), साधी गेस्ट हाउसं (२७,०००) आणि पेट्रोल (३,५००) मिळून ४१,३०० रँड, म्हणजे २ लाख २७ हजार. व्हॅनची हौस ८३ हजारांची आहे. झोपायची सोय भाड्यातच आली असं वाटतं, पण गाडी उभी करायला रोज वेगळे पैसे पडतात आणि राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या कॅम्पबाहेर रात्र काढताच येत नाही. 'वाटेल तिथे थांबू' हे चित्र मनातून काढा.

तरीही मी व्हॅन नको म्हणणार नाही. वाटेतल्या त्सित्सिकामा राष्ट्रीय उद्यानात स्टॉर्म्स रिव्हर माउथचा कॅम्प थेट लाटांच्या काठावर आहे. तिथे स्वतःच्या अंथरुणावरून समुद्र बघायला मिळणं याला माझ्या लेखी ८३ हजारांतला बराच वाटा देता येतो. ॲडोत उंच सीटवरून झुडपांपलीकडचे हत्ती चांगले दिसतात. १९३१ मध्ये हे उद्यान झालं तेव्हा तिथे ११ हत्ती उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत. (ॲडोत संत्री-लिंबू न्यायला बंदी आहे, हत्तींना त्या फळांची चटक आहे म्हणून. व्हॅनमधल्या स्वयंपाकघराचं सामान भरताना लक्षात ठेवा.)

व्हॅन केपटाऊनमध्ये मात्र नको. पहिल्या तीन रात्री तिथे गेस्ट हाउसमध्ये राहा, जवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावरचे पेंग्विन लहान गाडीने बघून या आणि मग व्हॅन ताब्यात घ्या. पुढे १३ रात्री पुरे आहेत. एकूण १६ रात्री केल्यात तर सुमारे ४२ हजार वाचतात.

ते पैसे कुठे घालायचे याबद्दल मी ठाम आहे. सुमारे तीस हजार वाचवायला तुम्ही रोज ३०० रँडचं जादा विमा संरक्षण गाळलंय. ते घ्या. साध्या करारात अपघात झाला तर पहिले ४५,००० रँड, म्हणजे जवळपास अडीच लाख, तुमच्या खिशातून जातात. जादा संरक्षणात ही रक्कम १०,००० रँडवर येते. १३ दिवसांचे त्यासाठी साडेएकवीस हजार पडतील. आयुष्यात पहिल्यांदा तीन मीटर उंचीची गाडी चालवणाऱ्या माणसाने अडीच लाखांची जोखीम अंगावर घेऊ नये. आणखी एक गोष्ट : ही रक्कम व्हॅन देताना क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. तुमच्या कार्डाची मर्यादा २ लाख आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे साध्या करारात काउंटरवरच कार्ड अपुरं पडलं असतं. कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, हेही विचारून घ्या.

जादा संरक्षणातही टायर, काच, छत आणि गाडीचा तळ बरेचदा वगळलेले असतात, आणि कच्च्या रस्त्यावर गेलात तर विमाच लागू होत नाही असं कलम असू शकतं. तुमच्या यादीतल्या डे हूप अभयारण्याला जायचा रस्ता कच्चा आहे. लेखी परवानगी मिळाली नाही तर डे हूप गाळा; व्हेल बघायला हर्मानसला डांबरी रस्त्याने जाता येतं.

उरलेले वीस-एकवीस हजार उद्यानांच्या शुल्कासाठी ठेवा, ते तुमच्या हिशेबात अजिबात नाही. ते माणशी आणि दिवसागणिक लागतं आणि परदेशी पाहुण्यांना स्थानिकांपेक्षा बरंच जास्त असतं. उद्यानातले दिवस जास्त असतील तर दोघांसाठीचं वर्षभराचं वाइल्ड कार्ड (उद्यानांचा प्रवेश पास) स्वस्त पडतं का, ते बुकिंगआधी मोजा.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे बिलासोबत आगाऊ वसूल होणारा आयकर, घेतला जाईल. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. कार्ड वापरताना 'रुपयांत भरायचं का' असं मशीनने विचारलं तर रँडच निवडा.

प्रवास विमा घेताना एक प्रश्न लेखी विचारा : सासूबाई रुग्णालयात दाखल झाल्या आणि सहल रद्द करावी लागली तर भरपाई मिळते का, आणि त्यांचे जुने आजार त्यातून वगळलेत का? उत्तर नाही असेल तर शेवटच्या आठवड्यापर्यंत रद्द करता येईल असंच व्हॅनचं आणि विमानाचं बुकिंग करा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून जुलैमध्ये काढा, दोघांच्याही नावाने.