दुसरी गाडी विकायची असेल तर आधी तिच्या आरसीवरचा बोजा बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. आर्णीजवळचं गाव, दोन भावांचं एकत्र घर, थोरले शेती बघतात, तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेवर, आईला हृदयाचा त्रास म्हणून अधूनमधून यवतमाळ, आणि दारात दोन गाड्या, त्यातली एक बहुतेक दिवस उभीच. एक विकून एकीवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात हाच प्रश्न होता. आम्ही दारव्हा-दिग्रस पट्ट्यातले. आजारी वडील होते आणि नोकरीवर धाकटा भाऊ होता, बाकी सगळं तुमच्यासारखंच.

माझं मत आधी सांगतो : भागतं. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, हप्ता यांचा हिशोब मी इथे मांडत नाही, तुम्ही मास्तर आहात, तो माझ्यापेक्षा चांगला कराल. इथे बाकीच्यांनी मायलेजवर भरपूर लिहिलंय. पण दुसरी गाडी खरंच विकली जाईल का, हे कोणीच विचारलं नाही. आमचा सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप त्यातच गेला, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

आमची विकायची गाडी कर्जावर घेतलेली होती. हप्ते वेळेवर गेले, शेवटचा हप्ता कटला, मोबाइलवर ‘कर्ज बंद’ असा संदेशही आला. तूर विकून पैसा हातात आलेला ओळखीतला गिऱ्हाईक तयार होता. किंमत ठरली. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढून बघितली तर त्यावर फायनान्स कंपनीचं नाव तसंच. हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं समजवावं लागत नाही : सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचं नाव असलेलं वावर जसं विकता येत नाही, तशीच ही गाडी. कर्ज फिटलं म्हणून नाव आपोआप उडत नाही. कंपनीकडून एनओसी (आमची हरकत नाही असं पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा काढण्याचा अर्ज) घ्यायचा, ते दोन्ही आरटीओत द्यायचे, मग बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरतो.

त्या कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण त्यांची दुसरी एखादी शाखा चांगली असेलही. पण आमच्या नशिबी जी शाखा आली तिनं आम्हाला रडवलं. आधी म्हणाले एनओसी मुख्य कार्यालयातून येईल. मग म्हणाले तुमच्याकडे दंडाची थोडी रक्कम बाकी दिसते. कशाचा दंड, तर एका महिन्यात बँकेच्या सुट्टीमुळे हप्ता एक दिवस उशिरा कटला त्याचा. तोही भरला, पावती घेतली. पुढच्या वेळी गेलो तर आधीचा माणूस बदललेला, नव्याला काहीच माहीत नाही. मग तालुक्यातली शाखाच बंद झाली आणि काम जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं. तिथे उत्तर मिळालं की एनओसी पोस्टानं पाठवलीय. कुठे, तर धाकट्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर, जिथे तो कर्ज घेताना राहायचा. तिथून कागद आला नाही. दुसरी प्रत हवी तर पोलिसांत हरवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि वरून शुल्क. जो कागद आमच्या हातात कधी आलाच नाही, तो हरवला अशी तक्रार आम्ही करायची!

प्रत्येक फेरीला एक दिवस मोडायचा. भावाला शाळेतून रजा, मला वेचणीच्या दिवसांत मजुरांना सोडून जावं लागायचं. इकडे गिऱ्हाइकानं थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरी गाडी घेतली. त्याला दोष देत नाही. तेवढ्यात वर्ष बदललं, म्हणजे गाडी कागदावर अजून एक वर्ष जुनी झाली आणि भाव पडला. विमा संपला. विकायचीच आहे म्हणून पूर्ण विमा न काढता फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, काढला. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला त्याचाच मूळ दर ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी वेगळा. टिनाच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायर उंदरांनी कुरतडल्या, बॅटरी बसली. जी गाडी विकून वडिलांच्या औषधपाण्याला हात मोकळा होणार होता, तीच खर्च मागत उभी राहिली. घरात एकमेकांवर चिडचिड झाली ती वेगळी.

शेवटी सुटलं कसं, ते नीट वाचा. तोंडी बोलणं बंद केलं. कर्ज बंद झाल्याचं पत्र, सगळ्या पावत्या, कर्ज खात्याचा क्रमांक जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. तीस दिवसांत समाधान झालं नाही, म्हणून बँका-फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, नागपूर-मुंबईला जावं लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एक लक्षात ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असायला हवी, थेट लोकपालाकडे गेलं तर तक्रार परत येते. आमची तक्रार नोंदली गेल्यावर त्याच शाखेतून फोन आला की साहेब एनओसी तयार आहे, कधी येता. इतके महिने अडलेलं काम असं झालं. अजूनही आठवलं की राग येतो, कारण ज्याला ईमेल करता येत नाही, ज्याच्या घरात शिकलेलं कोणी नाही, त्यानं काय करायचं?

आता एक चांगला बदल झालाय, आमच्या वेळी तो नव्हता. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फिटलेल्या वैयक्तिक कर्जाची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करायची आणि नोंदवलेला बोजाही तेवढ्यात काढायचा, ही कर्ज देणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. घरगुती वापराच्या गाडीचं कर्ज यात येतं. शाखेत गेल्यावर हा नियम शांतपणे सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मी वकील नाही, आरटीओचा एजंटही नाही, नियम बदलत असतात, तेव्हा आजची स्थिती एकदा तपासून घ्या.

एनओसी मिळाली की तो कागद कपाटात ठेवू नका. त्याला मुदत असते, बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांची. लगेच बोजा उतरवून घ्या. गिऱ्हाईक मिळालं नसलं तरी आधी हे करा, गिऱ्हाईक नंतर शोधा. माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे आणि बहुतेक लोक उलटा करतात.

आता दुसरी गोष्ट, ज्यावर मी ठाम आहे. बोजा उतरत नाही म्हणून आम्हाला गावातल्या चार जणांनी सल्ला दिला की स्टॅम्पवर लिहून दे, नोटरी कर, चावी दे, पैसे घे, नावाचं नंतर बघू. आपल्याकडे अर्ध्या जुन्या गाड्या अशाच फिरतात. करू नका. नातेवाईक असला तरी नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय : गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. त्या प्रकरणात गाडीचा विमाही नव्हता, म्हणजे भरपाई पूर्ण त्याच्याच डोक्यावर. उद्या तुमची विकलेली गाडी कोणी दारू पिऊन चालवली, तर नोटीस शाळेच्या पत्त्यावर तुमच्या नावानं येईल. पाचशेचा स्टॅम्प तिथे वाचवत नाही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरायचे, आणि विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, असा कायदा आहे. थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवायची असेल तर ती गिऱ्हाइकानं तुमच्याकडे अनामत द्यावी, तुम्ही त्याच्याकडे सोडू नका. नाव चढवायची घाई तुमच्यापेक्षा त्याला असली पाहिजे.

जुने ई-चलान बाकी असतील तर भरून टाका. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा, कारण ओटीपी त्यावरच येतो. आमच्याकडे तो नंबर बंद पडलेला होता, त्यात पुन्हा वेळ गेला.

आता एका गाडीवर कसं भागतं ते. तुमच्या पोस्टमध्ये भीती दोनच दिसतात, आईची तब्येत आणि शेतीचं काम. शेतीसाठी कार धरूच नका. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या पांदणीत तुमच्या दोन्ही गाड्या फसतील. तिथे ट्रॅक्टर किंवा पाय. खत-बियाणं आणायला, कापूस न्यायला आपण पिकअप लावतोच. मग थोरल्यांना गाडी लागते ती तालुक्याला बँकेत, कृषी केंद्रात जायला, आणि ते काम मोटारसायकलवर होतं. आमच्याकडे मी आधी कुरकुर केली, आता सवय झालीय.

आईंचं वेगळं आहे. तपासणीची तारीख आधी माहीत असते, त्या दिवशी गाडी घरी राहील हे पक्कं ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर माझा आग्रह आहे की आधी १०८ ला फोन करा. त्या गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, आपल्या कारमध्ये घाबरलेला मुलगा असतो. गाडी यायला किती वेळ लागतो हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारून ठेवा. फार लांब असेल तर घरची गाडी काढावीच लागेल, म्हणून जी एक ठेवाल ती रात्री गावातच असली पाहिजे. तुमची मुक्कामाची नोकरी असती तर मी दोन ठेवा म्हटलं असतं. तुम्ही रोज परत येता, म्हणून एक पुरे असं म्हणतोय. ज्या घरात नवरा-बायको दोघं उलट दिशेच्या गावांत नोकरीला आहेत आणि एसटी दिवसातून दोनदाच येते, त्यांनी माझं ऐकू नये.

तुमच्या रस्त्यावर एसटी बरी असेल तर ती सोडू नका. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं. वहिनी माहेरी किंवा बाजाराला जाताना प्रत्येक वेळी गाडीच काढायची ही सवय दोन गाड्यांमुळेच लागते.

लग्नसराईत किंवा दोन्ही भावांना एकाच दिवशी गाडी हवी असेल तेव्हा भाड्यानं घ्या, पण पिवळ्या नंबर पाटीची, म्हणजे भाड्याचा परवाना असलेली. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि परवान्याशिवाय भाडं मारल्याचा दंडही मोठा आहे. शेजाऱ्यालाही त्यात अडकवू नका.

घरात कोणाचा हक्क पहिला, हे विकण्याआधीच बोलून घ्या. आमच्याकडे वडिलांचं औषधपाणी पहिलं, मग परीक्षेचे दिवस असतील तर शाळा, मग बाकी. दोन जावांमध्ये गाडीवरून वाकडं आलं तर ते गाडीपुरतं राहत नाही. पेट्रोल कोण टाकणार हेही त्याच बैठकीत. आणि गावात लोक काय म्हणतील, असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यासाठी एवढंच सांगतो की आमच्या गावात थोडे दिवस चर्चा झाली, मग सोयाबीनचा भाव पडला आणि सगळे त्यावर बोलायला लागले.

दोनपैकी कोणती ठेवायची? लोक म्हणतात नवी ठेवा. मी म्हणतो जिचा मिस्त्री तुमच्या तालुक्यात आहे आणि जिच्यात आईला वाकून बसावं लागत नाही ती ठेवा. फक्त जुनीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर पुन्हा नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर लागेल, ते धरून विचार करा. विकलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत कधी दुसरी गाडी घेतली तर त्यावर चढतो. एजंट हे स्वतःहून सांगत नाहीत.

तुमची विकायची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर तिला नवी एचएसआरपी, म्हणजे जादा सुरक्षेची नंबर पाटी, बसलीय का ते आधी बघा. ती नसेल तर आरटीओ नाव बदलण्याचं आणि बोजा उतरवण्याचं काम अडवतं. चारचाकीला जीएसटी सोडून ७४५ रुपये लागतात. आरसीवर कोणाचं नाव आहे, शेवटचा हप्ता कधी गेला आणि एनओसी हातात आहे का, एवढं इथे लिहा. फायनान्स कंपनीला पाठवायच्या अर्जाचा मजकूर मी टाकतो, तुम्ही त्यात आपला कर्ज क्रमांक भरा. तो क्रमांक मात्र इथे उघड लिहू नका.