‘तुरा’ : उसाचा आणि मक्याचा

प्रश्न असा आहे : कोल्हापूर भागात उसाला तुरा येतो, तसाच मक्यालाही येतो. मग तुरा म्हणजे फूल की फुलोरा? आणि तो नेहमी नरच असतो का?

तुरा म्हणजे फुलोरा, सुटं फूल नव्हे. नर-मादीशी मात्र या शब्दाचं काही देणंघेणं नाही. अरबी ‘तुर्रा’ फारसीवाटे मराठीत आला तो डोक्यावर मिरवायच्या गोष्टीसाठी. फेट्याचा तुरा, कोंबड्याचा तुरा, तसाच पिकाच्या शेंड्यावरचा झुपका. शब्द आकार आणि जागा सांगतो, लिंग सांगत नाही.

मक्याचा तुरा खरोखरच नर आहे. त्यातल्या प्रत्येक फुलात तीन पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर अवयव, असतात. सकाळी परागकोश लोंबत असताना टिचकी मारा, पिवळी भुकटी झडते. मादी फुलं खाली, पानाच्या बगलेतल्या कणसात. कोवळं कणीस सोलून एक केस अलगद धरत मुळापर्यंत जा, तो एकाच दाण्यापाशी पोचतो. पाठ्यपुस्तकातला ‘कुक्षीवृंत’ तो हाच, आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, तीही त्याच्याच अंगावर. ज्या केसावर पराग पडला नाही, तिथं दाणा भरत नाही. कणसाच्या टोकाकडचे केस सगळ्यांत शेवटी बाहेर पडतात. तोवर तुऱ्यातला पराग संपला, किंवा ऐन फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसून केस बाहेर पडायला आणखी उशीर झाला, की कणसाचा शेंडा बोडका राहतो.

उसाच्या तुऱ्यात हजारो बारीक फुलं असतात आणि ती द्विलिंगी असतात : तीन पुंकेसर, दोन पिसासारख्या कुक्षी. तुऱ्याची रुपेरी चमक फुलांच्या तळाशी असलेल्या रेशमी केसांची, पाकळ्यांची नव्हे. पाकळ्या तिथं नाहीतच. वाऱ्यावर परागण होणाऱ्या गवतकुळाला त्यांची गरज पडत नाही.

मग जोंधळ्याचा शेंड्यावरचाच फुलोरा ‘कणीस’ का? कारण तिथं दाणा भरतो. भाताची लोंबी, गव्हाची ओंबी, यांचंही तेच. ऊस आणि मका या दोघांच्या तुऱ्यातून घरात धान्य येत नाही. मक्याचा दाणा खाली धरतो आणि ऊस लावायचा तो डोळ्याच्या कांडीनं, बियांनी नव्हे. शेतकऱ्यानं शब्द वाटून घेतले ते असे कामावरून, असं मला वाटतं.

उसाच्या बाबतीत तुरा ही तर धोक्याची खूणच. शेंडा फुलोऱ्यात गेला की उंची वाढायची थांबते, बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात, पुढं दशी पडून, म्हणजे आतला गर सुकून, कांडी पोकळ होते. म्हणून तुरा दिसल्यापासून दीड-दोन महिन्यांत तोड घ्यावी असं सांगतात. पण नवी जात काढणाऱ्याला हाच तुरा लागतो. को ८६०३२ ही उसाची जात जन्मली ती को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून, म्हणजे तुऱ्यातूनच.

लिहिताना एवढं पाळा : ‘उसाला फुलं आली’ हे शास्त्राला धरून असलं तरी कानाला परकं लागतं, ‘तुरा आला’च लिहा. ‘मक्याचा नरतुरा’ चालेल, पण त्यातला ‘नर’ जास्तीचा आहे. ‘उसाचा नरतुरा’ मात्र चूकच.